अतिविष : गुटीच्या डबीतील एक हिमालयवासी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जयपुरातील मराठी माणसांच्या इतिहासावर काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा साहजिकच प्रथम मोठी नावे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सवाई जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांचा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ १७१३ सालचा, म्हणजे जयपूर नगरीचा पाया घातला जाण्याच्या चौदा वर्षे आधीचा. ब्रह्मपुरीतील त्यांची हवेली भित्तिचित्रांसाठी आजही लोक मुद्दाम जाऊन पाहतात. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणणारे सम्राट जगन्नाथ हेही महाराष्ट्रीयच. पुढे मराठ्यांच्या फौजा या प्रांतात आल्या, आणि जानेवारी १७५१ मध्ये याच शहराच्या तटाच्या आत मराठ्यांची जी कत्तल झाली तीही आमच्याच इतिहासातील एक पान आहे. परंतु या सर्व विषयांवर अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे; त्यात आम्ही काय भर घालणार? तेव्हा दरबार आणि रणांगण ही दोन्ही सोडून, आमच्या घरांतील फडताळात जो इतिहास एका पितळी डबीत बंद होऊन पडला आहे, तोच उघडून पाहावा असे आम्ही ठरविले.

ही डबी गुटीची. परप्रांतात संसार थाटायला निघालेल्या मराठी मुलीच्या ट्रंकेत तिची आई ज्या काही वस्तू न विसरता ठेवीत असे त्यांत ही एक असे. मुंबईहून निघायचे, सवाई माधोपूरला गाडी बदलायची आणि छोट्या रुळांच्या गाडीने जयपुरास यायचे, असा तो त्या काळचा प्रवास. त्यात पाटा-वरवंटा येत नसे. तो इथेच मिळे, आणि तोही उत्तम दगडाचा. पण सहाण, चांदीचे बोंडले आणि गुटीची डबी मात्र माहेरचीच लागे. मंडळातील एका वयोवृद्ध आजींनी साताऱ्याहून आणलेली अशी डबी अद्याप जपून ठेविली आहे. त्यांच्याच देवघरासमोर बसून आम्ही ती उघडली आणि आतील एकेक वस्तू कागदावर मांडली. बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, नागरमोथा, डिकेमाली, सागरगोटा, कुड्याचे पाळ, पिंपळी. खारीक आणि बदाम हे तर घरातच असत. ही नावे आमच्या पिढीला पाठ आहेत. पुढच्या पिढीला त्यांतील निम्मी ठाऊक असली तरी आनंद मानावा.

या वस्तू मांडीत असता एक गंमत लक्षात आली. तळहातावर मावणाऱ्या त्या डबीत केवढा मुलूख सामावला होता! कुडा आणि मुरुडशेंग सह्याद्रीच्या रानातली, हळकुंड सांगलीकडचे, जायफळ दक्षिणेच्या समुद्रकाठचे, मायफळ तर इराण-तुर्कस्थानाकडील ओक वृक्षावरची गाठ. आणि या सर्वांच्या तळाशी, पातळ कापडाच्या चिंधीत वेगळे गुंडाळलेले, करंगळीच्या पेराएवढे एक राखी रंगाचे मूळ होते. ते अतिविष. डबीतील इतर कोणतीही वस्तू इतक्या उंचावरून आलेली नव्हती. आपले जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे फुटांवर आहे. अतिविष उगवते ते आठ हजारांपासून चौदा हजार फुटांपर्यंत, जिथे देवदारांची राने संपतात आणि बर्फाखालून वितळून निघणारी कुरणे सुरू होतात तिथे. म्हणजे ज्या मुळासाठी आमच्या आया-आज्या साताऱ्या-नाशकाकडे पत्र पाठवीत, ते मूळ आधी उत्तरेकडून खाली मुंबईस गेले, तिथून देशावर पोहोचले आणि ट्रंकेत बसून पुन्हा उत्तरेकडे निम्म्या वाटेवर परत आले!

हा उलटा प्रवास ध्यानात येण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. तो आजींच्याच शब्दांत ऐकण्यासारखा आहे, पण आम्ही थोडक्यात सांगतो. धाकट्या मुलाच्या वेळी डबीतील अतिविष संपले. सासरची माणसे दूर, टपालाने मागवावे तर बाळाचे पोट थांबणार नव्हते. आजी परकोट्याच्या आतील एका पंसाऱ्याकडे गेल्या आणि आपल्या त्या वेळच्या हिंदीत म्हणाल्या, “भैया, थोडा अतिविष देना, बच्चे के लिए.” पंसाऱ्याने हातातला तराजू खाली ठेविला. “माँजी, हम ज़हर नहीं बेचते.” आजींना हसावे की रडावे कळेना. दुकानात बसलेल्या एका वृद्ध वैद्यराजांनी मान वर केली आणि बाळाला काय होते आहे ते विचारले. मग ते पंसाऱ्याला म्हणाले, “अतीस माँग रही हैं. अतीस दो.” डबा उघडला गेला आणि आतून तेच मूळ निघाले. इतकी वर्षे या शहरातील मराठी बायका पत्रे लिहून साताऱ्याहून जे मागवीत होत्या, ते बड्या चौपडीपासून हाकेच्या अंतरावर डबे भरभरून ठेविलेले होते. नाव तेवढे निराळे होते.

पंसाऱ्याचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. नावातच विष आहे, आणि ते उगीच नाही. बचनाग नावाचे जे भयंकर विषारी मूळ, त्याच्या आणि अतिविषाच्या वनस्पती सख्ख्या बहिणी. दोहोंची फुले शिरस्त्राणाच्या आकाराची, दोहोंची मुळे जोडीजोडीने वाढणारी. पण बचनागाचे मूळ जिभेला लागले तर ती मुंग्या येऊन बधिर होते; अतिविषात ते विषार नाही, आहे तो केवळ शुद्ध कडूपणा. विषाला ओलांडून गेलेली ती अतिविषा, असा त्या नावाचा अर्थ जुन्या जाणकारांनी लाविला आहे. निघंटूंनी तिला आणखीही नावे दिली. मूळ आतून पांढरेशुभ्र, म्हणून शुक्लकंदा. चटकन मोडते, म्हणून भंगुरा. शिंगासारखे निमुळते, म्हणून शृंगी. मुलांचे औषध, म्हणून शिशुभैषज्या. आणि एक नाव तर आम्हांस फारच आवडले: घुणवल्लभा. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. त्याची ही लाडकी. इतके कडू मूळ त्या किड्याला कसे गोड लागते कोण जाणे, पण नाव ठेवणाऱ्याने कोठीत ठेविलेल्या मुळांची दशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती यात शंका नाही. एका नावात वनस्पतिशास्त्र आणि कोठारव्यवस्था दोन्ही सांगून टाकण्याची ही हातोटी आता दुर्मीळ झाली आहे.

झाडाचे वर्णन करायचे तर ते झाड म्हणण्याइतके मोठेही नाही. गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी सरळ काडी. खालची पाने देठाची आणि कातरलेली, वरची बिनदेठाची, खोडाला बिलगलेली. एकाच रोपावर दोन तऱ्हेची पाने असल्यामुळे शास्त्रीय नावातही ‘भिन्नपर्णी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आला आहे. श्रावण-भाद्रपदात निळसर पांढरी, जांभळ्या शिरांची फुले येतात. जमिनीखाली दोन कंद असतात, एक आईचा आणि एक लेकीचा. यंदाचा कंद खोड, पान, फूल पोसता पोसता सुकून जातो. तोवर त्याच्या कुशीला दुसरा भरलेला असतो, आणि बर्फाचा काळ काढून पुढल्या वर्षी तोच उगवतो. सिंधूच्या खोऱ्यापासून काश्मीर, चंबा, पांगी, लाहूल, गढवाल ते कुमाऊँपर्यंतच्या उंच कुरणांत ही वनस्पती वाढते. तिकडे तिला अतीस किंवा पतीस म्हणतात. गढवालात या कुरणांना ‘बुग्याल’ असा गोड शब्द आहे. पावसाळा सरता सरता मेंढपाळ आणि डोंगरी गावांतले लोक लहान कुदळीने ही मुळे खणून काढतात, वाळवितात, आणि मग ती अमृतसर, दिल्लीच्या पेठांकडे खाली उतरतात. दिल्लीची खारी बावली ही अशा मालाची नामांकित पेठ. जयपूर १८७०च्या दशकात लोहमार्गाने जोडले गेले आणि पुढे दिल्लीहून अहमदाबादेपर्यंत छोट्या रुळांची सलग वाट तयार झाली. तिच्यावरून गुजरात-मुंबईकडे गेलेल्या पोत्यांत आमच्या पणज्यांच्या डबीतील मूळही असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नसावी.

आता शास्त्राकडे वळू. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्या त्या कामी सर्वश्रेष्ठ असलेल्या वस्तूंची एक मोठी याद दिली आहे. तीत भूक वाढविणारी, अन्न पचविणारी, पातळ मळ बांधणारी आणि तिन्ही दोषांवर चालणारी अशा द्रव्यांत अतिविषेला अग्रस्थान दिले आहे. बाळाच्या पोटाच्या ज्या काही तक्रारी असतात त्यांची ही जवळजवळ पूर्ण यादीच झाली. सुश्रुताने तिला वचादि गणात घातले: वेखंड, नागरमोथा, अतिविष, हिरडा, देवदार आणि नागकेशर. वाचकांनी हा क्रम पुन्हा एकदा वाचावा. यांतील पहिली चार आमच्या आजींच्या डबीत शेजारी शेजारी पडली होती! या गणाचे काम सुश्रुत सांगतो ते मातेचे दूध शुद्ध करणे आणि आमातिसार थांबविणे. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी या चौघांच्या चूर्णाला बालचातुर्भद्र म्हणतात. मुलांचा ताप, ढाळ, खोकला, वांती यांवर ते वैद्य आजही देतात. तीही चारही डबीत होती. मोठ्यांच्या चंद्रप्रभा वटीतही अतिविष पडते, पण तिची खरी ओळख पाळण्याजवळचीच.

आमच्या बायकांनी चरक-सुश्रुत वाचले नव्हते. मग हे ज्ञान त्यांच्यापर्यंत कसे आले? आम्हांस वाटते, ते पोथीतून घरात आले आणि घरातून पोथीतही गेले. काश्यपसंहिता हा बालवैद्यकावरील प्राचीन ग्रंथ नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. त्याच्या लेहाध्यायात धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोने उगाळून, मधतुपात घोटून ते बाळाला चाटविण्याचा विधी आहे. उगाळणारीने पूर्वेकडे तोंड करून बसावे हेदेखील तो सांगतो. आमच्या आजींना हे वाचून दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय, आम्ही देवघराकडे तोंड करून बसत असू.” आणि त्यांचे देवघर पूर्वेलाच आहे.

उगाळण्याचेही एक शास्त्र होते. सहाणेवर दोन थेंब पाणी किंवा आईचे दूध घ्यायचे आणि प्रत्येक मुळाचे मोजून वेढे द्यायचे. हळकुंड-ज्येष्ठमधाचे चार झाले तरी चालतील, जायफळाचा मात्र एकच, नाहीतर बाळ दिवसभर झोपेल. अतिविषाचाही एकच, क्वचित दीड. वजन-मापाऐवजी हाताची एक फेरी हे परिमाण. बाळ जसे वाढेल तसा वेढा वाढायचा. शिवाय गुटी ही रोजची एकच नव्हे. आज बाळाचे पोट फुगले असेल तर डिकेमाली-मुरुडशेंग पुढे यायची, सर्दी असेल तर वेखंड-पिंपळी, ढाळ लागले तर अतिविष, कुडा आणि मायफळ. म्हणजे सकाळी बाळाला मांडीवर घेऊन त्याची जीभ, पोट, लंगोट पाहिल्याशिवाय सहाण काढताच येत नसे. आमच्या मते गुटीचा निम्मा गुण या पाहण्यात होता. शेजारच्या राजस्थानी घरांतून बाजारची ‘जन्मघुट्टी’ बाटलीतून येऊ लागली तेव्हा सोय झाली खरी, पण बाटलीला बाळाची जीभ पाहता येत नाही. आणि हे जे काही कडू लहानपणी पोटात जाई त्यालाच आपण बाळकडू म्हणतो. विद्वत्तेचे बाळकडू, देशभक्तीचे बाळकडू असे शब्द भाषणांत वापरताना सहाणेवरची ती करडी रेघ कितीजणांना आठवत असेल?

ज्या मुंबईच्या छापखान्याचा वर उल्लेख आला त्याचा आणि आपल्या जयपूरचा ऋणानुबंधही येथे नोंदवून ठेवला पाहिजे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापिलेल्या निर्णयसागरने १८८६ पासून ‘काव्यमाला’ काढली, तिचे संपादक जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब. आयुर्वेदाच्या प्रांतात त्याच छापखान्यातून अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाचे अष्टांगहृदय आणि यादवजी त्रिकमजी आचार्यांनी १९४१ साली चरकसंहिता सटीक काढली. इकडे जयपुरात महाराजा संस्कृत कॉलेजात एकोणिसाव्या शतकातच आयुर्वेदाचे अध्यापन सुरू झाले होते. ‘सिद्धभेषजमणिमाला’कार कृष्णराम भट्ट आणि त्यांचे शिष्य स्वामी लक्ष्मीराम यांची नावे येथील जुने लोक आदराने घेतात. त्या वैद्यांच्या हातात मुंबईत छापलेली पोथी असे आणि मुंबईच्या वैद्यांच्या खलात उत्तरेकडून गेलेले अतीस असे, ही देवाणघेवाण आम्हांस मोठी मनोहर वाटते. मराठी घरांपुरते बोलायचे तर शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा जाडजूड ग्रंथ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ सालचा ‘ओषधीसंग्रह’ यांनी हे ज्ञान मराठीत उतरवून ठेविले. ‘आर्यभिषक्’ची एक पुठ्ठा निघालेली प्रत आमच्यापैकी एकाच्या घरी जयपुरात आजही आहे.

साहेबाची दृष्टी अर्थातच वेगळी होती. सहारणपूरच्या सरकारी बागेचे अधीक्षक असलेले रॉयल यांनी १८३०च्या दशकात हिमालयातील वनस्पतींवर जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून अतिविषाच्या वनस्पतीची ओळख युरोपातील शास्त्रज्ञांना झाली. पुढे हिवतापाने पलटणी गारद होऊ लागल्या, क्विनीन महाग आणि परदेशी, तेव्हा देशी कडू मुळांकडे सरकारचे लक्ष गेले. १८६८ सालच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त अतिविषाला तापाचे औषध म्हणून अधिकृत स्थान मिळाले. उटकमंडच्या सिंकोना मळ्यांवर सरकारी रसायनज्ञ असलेल्या ब्राउटन यांनी १८७०च्या दशकात तिच्यातील कडू क्षार वेगळा काढला. त्याचे नाव ‘अतिसीन’, म्हणजे आपल्या पंसाऱ्याच्याच शब्दाला लॅटिन शेपूट! निलगिरीत सिंकोना रुजला, क्विनीन स्वस्त झाले, आणि सरकारने अतिविषाचा नाद सोडला. बाळांच्या आज्यांनी सोडला नाही.

इथवर आम्ही कौतुकाने लिहिले. पण केवळ जुने म्हणून सोने असे म्हणण्याची आमची वृत्ती नाही. गुटीच्या नावाखाली पूर्वी काय काय चालले हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. तो दोष त्या बिचाऱ्या आयांचा नव्हता, दहा-बारा तासांच्या पाळीचा होता. तरी त्यात मुले दगावली हे खरे. अतिविषाबाबत भय वेगळेच आहे. हे मूळ महाग झाल्यापासून त्याच्या नावाने शतावरीची मुळे, नागरमोथ्याच्या गाठी आणि इतर काहीबाही विकले जाते. आपल्याकडे ‘वखमा’ म्हणून मिळते ते पूर्व हिमालयातील त्याच कुळातील दुसरे मूळ. हे सारे एक वेळ परवडले. पण याच कुळातील बचनागाचा तुकडा चुकून मिसळला तर तो जिवावर बेततो. आमच्याच एका परिचित कुटुंबाला एका दुकानातून ‘अतीस’ म्हणून जे मिळाले ते मोडता मोडेना आणि आतून तपकिरी निघाले. सुनेने ते सहाणेला लावलेच नाही, म्हणून पुढचे काही घडले नाही. जिभेवर ठेवून पारख करण्याची जुनी रीत अशा वेळी मुळीच अवलंबू नये.

डॉक्टरांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून केली आहे, आणि मध तर वर्षाच्या आत नकोच, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहाण नीट धुतली नाही तर औषधाबरोबर रोगही पोटात जातो. या कारणाने आमच्या घराघरांत सासू-सुनेचे शब्दाला शब्द लागले आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यावर सुश्रुताने शारीरस्थानात जे लिहिले ते आम्ही मुद्दाम दोन्ही पक्षांच्या कानी घालतो. दूधपित्या बाळाचे औषध त्याला दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही द्यावे, असे तो म्हणतो. बाळ जसजसे अन्न खाऊ लागेल तसतसे ते त्याच्याकडे वळवावे आणि नुसत्या अन्नावर आले की त्याचे त्यालाच द्यावे, असा त्याचा क्रम आहे. हे ऐकून आमच्यातील एक सून हसून म्हणाली, “म्हणजे कडू मीच प्यायचे!” आजी म्हणाल्या, “मी प्यायलेच होते.” आपल्या शहरात १९७६ साली माधव विलास प्रासादात राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान सुरू झाले, २०२० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे बालरोगांचा म्हणजे कौमारभृत्याचा स्वतंत्र विभाग आहे. डबीतील कोणते मूळ खरे, कोणते खोटे आणि कोणाला किती, हे विचारायला आज जयपूरकरांना साताऱ्यास पत्र टाकण्याची गरज उरलेली नाही.

परंतु विचारून झाल्यावर ते मूळ मिळेल का, हा प्रश्न आता उभा राहिला आहे. वर आम्ही दोन कंदांचे वर्णन केले ते याचसाठी. कंद खणला की रोपच संपते. हळद-आल्यासारखे हे शेतात पेरून काढण्याचे पीक नव्हे. आजवर बाजारात आलेले बहुतेक सारे अतिविष रानातूनच उपटलेले. किलोभर सुक्या मुळांसाठी शेकडो रोपे जातात. बी पिकून गळण्यापूर्वीच खणती सुरू होते, कारण थांबले तर शेजारच्या गावचा कोणी आधी खणून नेतो. पूर्वी मेंढपाळ ऋतू पाहून, एक कुरण सोडून दुसऱ्यात जात. किलोला हजारो रुपये मिळू लागल्यावर तो संयम कोण पाळणार? भूक त्यांच्या दारात आहे आणि भाव दिल्लीत ठरतो. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने आपल्या लाल यादीत या वनस्पतीची नोंद संकटग्रस्त अशी केली. तिच्या शेजारणींची, जटामांसी आणि कुटकी यांची अवस्थाही शोचनीयच आहे.

उपाय चालू नाहीत असे नाही. आपल्या कोष्ठकोळिंजनातील कोष्ठ हेही असेच उंच पहाडातले मूळ. १९२०च्या दशकात लाहूलच्या खोऱ्यात लोकांनी त्याची शेती सुरू केली आणि त्या एका पिकाने खोऱ्याचा संसार सावरला. अतिविषासाठी गढवालात श्रीनगर येथील उच्च पर्वतीय वनस्पतींच्या संशोधन केंद्राने रोपे तयार करून डोंगरी शेतकऱ्यांना देण्याचे काम बरीच वर्षे चालविले आहे. बियांपासून काढणीपर्यंत तीन-चार वर्षे थांबावे लागते, आणि खाली उष्ण हवेत ते रोप जगत नाही. जयपुरात कुंडीत लावून पाहण्याचा विचार आमच्यापैकी एका उत्साही गृहस्थांच्या मनात आला होता. त्यांना आम्ही मे महिन्याची आठवण करून दिली.

हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आजींची डबी उघडली तेव्हा तळाची चिंधी सोडताच बोटांना पांढरी भुकटी लागली. बाकीची सर्व औषधे जशीच्या तशी होती; हिरडा तर दगडासारखा. अतिविष मात्र बाहेरून अखंड दिसत असले तरी आतून पार पोखरले होते. घुणवल्लभा हे नाव आजींना आम्ही तेव्हाच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी नातवाला घेऊन स्वतःच परकोट्यात गेल्या. जुना पंसारी आता नाही, त्याचा नातू गादीवर बसतो. आजींनी या खेपेला “अतीस” असेच मागितले. त्याने लहान काट्यावर तोलून दोन मुळे कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि जो भाव सांगितला तो ऐकून नातवाला वाटले, आजीने चुकून जोहरी बाजारातल्या दुकानात पाऊल टाकले की काय. घरी येऊन आजींनी त्यांतील एक मूळ मोडून पाहिले. चटकन मोडले, आत पांढरेशुभ्र. दुसरे त्यांनी मोडले नाही. नवी चिंधी फाडून त्यात गुंडाळले आणि डबीत तळाशी ठेवून दिले.